फूल कोणाचं? वऱ्हाडातल्या घरगुती मद्याचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. गाडगेबाबांच्या आणि तुकडोजी महाराजांच्या वऱ्हाडात घरगुती मद्यावर व्याख्यान? पण इतिहासाला सोवळं पाळता येत नाही. लोक काय खात होते, काय पीत होते, आणि त्यावर कोणाची सत्ता चालत होती, हे पाहिल्याशिवाय त्या काळच्या घराचं आणि राज्याचं नातं कळत नाही. म्हणून आज आपण अमरावती-अकोल्याकडची एक जुनी घरगुती विद्या आणि तिचं पुढं काय झालं, हे पाहणार आहोत.

सुरुवात बरणीपासून करू. उन्हाळा लागला की वऱ्हाडातल्या घरात माळ्यावरच्या बरण्या खाली येतात. कैरीचं लोणचं, साखरआंबा, मुरंबा, गुलकंद. ऋतूत आलेलं फळ किंवा फूल मीठ, साखर, तेल यांत मुरवायचं आणि वर्षभर पुरवायचं, ही कला आपल्या आज्यांच्या हातात होती. जगात बऱ्याच ठिकाणी या कलेची आणखी एक शाखा आहे. तिथं फळं आणि फुलं मद्यात मुरवतात. जपानमध्ये उमे नावाची हिरवी आंबट फळं खडीसाखरेसह मद्यात घालून घरोघरी उमेशु करतात. पोलंडमध्ये चेरी, मनुकं, गुलाबाच्या पाकळ्या मुरवून नालेफ्का करतात. इटलीत लिंबाच्या सालीपासून लिमोन्चेल्लो होतं. मग आपल्याकडे संत्री आहेत, बोरं आहेत, जांभळं आहेत, मोह आहे, तरी ही बरणी आपल्या माळ्यावर का नाही?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: “ते आपल्या संस्कृतीतच नव्हतं.” आम्हाला हे उत्तर पटत नाही, कारण पुरावा उलट सांगतो.

पुराव्याकडे जाण्याआधी शब्द नीट करून घेऊ, नाहीतर गोंधळ होतो. फळाफुलांचं मद्य करण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, आंबवणं: फुलातली किंवा फळातली साखर पाण्यात आंबू द्यायची, त्यातून मद्य आपोआप तयार होतं. आपली आसवं आणि अरिष्टं ही या जातीची. दुसरी, गाळणं: आंबलेलं पाणी भट्टीवर चढवायचं आणि त्याची वाफ थंड करून गोळा करायची. तिसरी, मुरवणं: तयार मद्यात फळं-फुलं घालून त्यांचा रंग, वास, चव उतरू द्यायची. युरोप-जपानच्या बरण्या या तिसऱ्या रीतीच्या. आपल्याकडे पहिल्या दोन रीती जुन्या आणि मुरलेल्या होत्या. तिसरी घरात रुजायला हाताशी तयार मद्य लागतं, आणि नेमकं तेच पुढं घराच्या हातातून गेलं.

आता पुरावा पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी आसवांची मोजदाद आहे. धान्यांची सहा, फळांची सव्वीस, मुळांची अकरा, झाडांच्या गाभ्याची वीस, फुलांची दहा, अशी ती यादी जाते. फुलांच्या दहांमध्ये कमळाच्या जाती आहेत, आणि त्यांच्यासोबत दोन नावं आहेत जी आपल्या सातपुड्यात आजही फुलतात: मधूक आणि धातकी. मधूक म्हणजे मोह. धातकी म्हणजे धायटी, उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुलांनी भरणारं झुडूप. धायटीची फुलं आजही आसवं-अरिष्टं करताना टाकतात, कारण त्यांच्यासोबत आंबवणारे जीव येतात आणि काम सुरू होतं. प्रयोगशाळा नसताना माणसानं विरजण फुलात शोधलं होतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. मद्यावर राज्याचं नियंत्रण ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे, हे आधी मान्य करू. पण त्याच प्रकरणात एक सवलत आहे. कुटुंबवाल्या गृहस्थाला कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करायची मुभा आहे. उत्सव, जत्रा, मेळे यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक आहे. म्हणजे राज्य कर घेतं, दुकानावर पहारा ठेवतं, पण घराच्या चुलीपाशी थांबतं. राज्य आणि चूल यांच्यामधली ही रेघ लक्षात ठेवा. पुढची सगळी कथा ती रेघ पुसली जाण्याची आहे.

साहित्यातही मोह आहे. सातवाहन काळाशी जोडल्या गेलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत गोदावरीकाठचे मोह भेटतात. एका गाथेतली बाई मोहाच्या झाडाला विनवते की बाबा, तुझी फुलं जरा सावकाश गाळ. फुलं संपली की वेचायला येण्याचं निमित्त संपतं, आणि त्या निमित्तानं होणारी भेटही संपते. मोह वेचणं हे बायकांचं काम होतं, हे आपल्याला या ओझरत्या उल्लेखातूनही कळतं.

आता मेळघाटात येऊ. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. इथले कोरकू ऑस्ट्रोएशियाई कुळातली भाषा बोलतात. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी दूर पूर्वेला झारखंडकडे. मुंडा गटातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा म्हणजे आपली कोरकू. या लोकांच्या वर्षात मोहाचा मोसम होळीच्या आसपास सुरू होतो. झाडाची पानं झडलेली असतात, फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस येतात, आणि पहाटे पहाटे मऊ, रसाळ, फिक्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो. बायका-पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आधी झाडाखाली हजर. उशीर झाला तर गुरं, हरणं आणि अस्वलं वाट पाहत नाहीत. वेचलेली फुलं अंगणात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मोहफूल हे आधी अन्न आहे, मग दारू. ते उकडून खातात, भाजून खातात, ज्वारीच्या पिठात मिसळून भाकर करतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ मध्य भारतानं पाहिले. अशा वर्षांत जंगलाकाठच्या माणसांना तगवणाऱ्या गोष्टींमध्ये मोह होता. फुलानंतर फळ येतं, ते टोळ. त्याच्या बीचं तेल निघतं. एक झाड घराला साखर, धान्याची भर, तेल आणि सणाचं मद्य पुरवतं.

मद्य करायची रीत सोपी दिसते, पण तिला हात लागतो. वाळलेली फुलं मडक्यात पाण्यात भिजत घालायची. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा, काही दिवसांत फसफसून येतात. मग मडकं चुलीवर, तोंडावर दुसरं भांडं, सांध मातीनं लिंपलेली, बांबूची नळी, आणि नळीच्या टोकाला गार पाण्यात ठेवलेलं भांडं. थेंब थेंब गळायला लागतं. “पहिल्या धारेची” हा शब्द मराठीत आला तो याच भट्टीवरून. आपण तो आज कशालाही लावतो, पण त्याचा जन्म बांबूच्या नळीच्या टोकाशी आहे. कोरकू भाषेत या मद्याला सिडू म्हणतात. गावाचा भुमका देवाला त्याची धार सोडतो, पूर्वजांच्या नावानं थेंब जमिनीवर पडतात, मग माणसांची पाळी.

पण ही फुलं वाळवून वर्षभर ठेवता येतात, मग मद्यही बारमाही झालं नसेल का, असा प्रश्न इथं रास्त आहे. झालंही असेल. तरी त्याला आतून लगाम होते. मडक्यात गेलेलं फूल भाकरीतून वजा होत होतं. वेचणारी बाई, वाळवणारी बाई आणि साठ्यावर नजर ठेवणारी बाई बहुधा एकच होती. भट्टी लावायला लाकूड आणि दिवस खर्ची पडत होता. नवऱ्यानं किती प्यायची हे तिनं ठरवलं असं आम्ही म्हणत नाही. पण साठा तिच्या डोळ्यांसमोर होता. दुकानात हा लगाम राहत नाही. तिथं फक्त पैसा लागतो, आणि पैसा नसेल तर उधारी.

आता दुकान कसं आलं ते पाहू. १८५३ च्या तहानं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेचा खर्च भागवायला हा मुलूख लावून दिला होता, म्हणून कागदोपत्री त्याचं नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. म्हणजे वऱ्हाडचा इंग्रजी कारभार जन्माला आला तोच वसुलीसाठी. कापूस, जमीन, जंगल आणि अबकारी, प्रत्येकाचा हिशेब लागला. १८६६ मध्ये मेळघाटच्या जंगलाला राखीव करण्याची सुरुवात झाली. ज्या मोहाखाली आजी वेचत होती, त्या झाडाचा मालक कागदावर सरकार झालं.

अबकारीच्या दोन मुख्य पद्धती होत्या. एकीत एका टापूत भट्टी लावण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात दिला जाई. बोली जिंकणारा तिथला मक्तेदार. दुसरीत सगळं गाळणं सरकारी आवारात आणायचं आणि बाहेर पडणाऱ्या दर गॅलनवर कर घ्यायचा. दोन्हींचा परिणाम घरावर सारखाच झाला: घरची भट्टी बेकायदा ठरली. मक्तेदाराचा नफा जास्त खपावर अवलंबून होता, सरकारची वसुली मक्तेदाराच्या बोलीवर. खप वाढावा अशी इच्छा असलेले दोन नवे माणूस गावात आले, एक दुकानात बसलेला आणि एक कचेरीत.

शेजारच्या मुंबई इलाख्यात तर याहून पुढचं पाऊल पडलं. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला, आणि १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी वेगळा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरच बंधन घातलं. दारू सोडा, वाळलेलं फूल घरात ठेवणं संशयाचं झालं. ज्यांच्या घरात ते फूल भाकरीत जात होतं त्यांना हे कसं वाटलं असेल, याची कल्पना करा. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. तिथं सरकारमान्य भट्ट्यांचा मुख्य कच्चा माल मोहच होता. म्हणजे फूल तेच, वेचणारे हात तेच. फक्त गाळायचा हक्क त्यांचा राहिला नाही. वेचलेलं फूल व्यापाऱ्याला विकायचं आणि त्याचंच मद्य दुकानातून विकत घ्यायचं.

अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याचं नाव आपल्याला १९३० साठी ठाऊक आहे. समुद्र शेकडो कोस दूर, तरी तिथं मिठाचा सत्याग्रह झाला, कारण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट. ते आटवून लोकांनी मीठ केलं आणि कायदा मोडला. त्यामागचा विचार साधा होता: निसर्गानं दारात आणून दिलेली वस्तू घरी तयार करायला सरकारची परवानगी कशाला? आता हाच प्रश्न सातपुड्यातल्या भट्टीला लावून पाहा. मीठ करणारा सत्याग्रही झाला, मोह गाळणारी कोरकू बाई गुन्हेगारच राहिली. त्याच चळवळीत दारूच्या दुकानांपुढं पिकेटिंग होत होतं. यात ढोंग होतं असं आम्ही म्हणणार नाही. मिठानं संसार मोडत नाहीत, दारूनं मोडतात.

आणि ते मोडलेले संसार वऱ्हाडनं पाहिले होते. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातला. वडील झिंगराजी दारूपायी गेले. पोरकं पोर आईसोबत मामाच्या घरी, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला वाढलं. पुढं स्वतःच्या मुलीच्या बारशाला भावकीच्या रिवाजाप्रमाणं मटण आणि दारू वाढायची वेळ आली, तेव्हा डेबूजींनी नकार दिला आणि गोडाचं जेवण घातलं. भावकी रागावली. या प्रसंगाकडे आपण सहसा बाबांच्या थोरवीची गोष्ट म्हणून पाहतो. तो अबकारीच्या इतिहासाचाही पुरावा आहे. रिवाज जुना राहिला होता, पण रिवाजाची दारू आता विकतची होती. घरच्या फुलाची असती तर तिला श्रम पडले असते. दुकानातून आणली की कर्ज पडतं. बाबांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितलं की कर्ज काढून सण करू नका. त्यांचा घाव बरोबर जागी बसत होता.

काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा कायदा आला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९५९ मध्ये तो कायदा आपल्याकडे लागू झाला. आजही तोच चालतो, नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. या कायद्यात ‘निर्मिती’ची व्याख्या इतकी रुंद आहे की मद्याला चव, रंग किंवा मिश्रण देणं हीसुद्धा निर्मितीच ठरते. सुरुवातीला विचारलं होतं ना, माळ्यावर ती बरणी का नाही? संत्र्याची साल मद्यात मुरवत ठेवणं हीसुद्धा कायद्याच्या शब्दांत परवान्याची बाब आहे. जपानातही १९६२ पर्यंत घरचं उमेशु कायद्यात बसत नव्हतं. मग तिथं कायदा बदलला: कर भरलेलं मद्य घ्या, घरच्यापुरतं मुरवा, विकू नका. कौटिल्याची रेघ तिथं पुन्हा आखली गेली.

आपल्याकडे एकच वाट उघडी राहिली, औषधाची. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मद्यार्क असलेली औषधं या बंदीतून बाहेर काढली. द्राक्षासव, कुमार्यासव दुकानात राहिले. चरकाच्या यादीतली विद्या वैद्याच्या बाटलीत शिल्लक राहिली, घरातून गेली.

पुढं सरकारनं बंदी सैल केली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारू रीतसर दुकानात आली. पण ती मोहाची नव्हती. साखर कारखान्यांची मळी स्वस्त आणि मुबलक होती, तिच्यापासून मद्यार्क आणि त्यापासून देशी. वऱ्हाडात लोक तिला काय म्हणतात? संत्रा! वरुड-मोर्शीच्या बागांत आंबिया आणि मृग असे दोन बहार येतात, रस्त्यावर संत्र्यांचे ढीग लागतात, आणि त्याच रस्त्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या संत्र्यात मळीचा मद्यार्क आणि संत्र्याचा नुसता वास. फळाफुलांचं मद्य करणारा मुलूख अखेर फळाच्या नावाचं मद्य विकत घेऊ लागला. आणि ज्यांना तेही परवडेना त्यांच्या वाट्याला काळ्या गुळाची, नवसागराची हातभट्टी आली. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. तीही घरगुती नव्हती, तो चोरीचा धंदा होता. दोन्हींना ‘गावठी’ या एकाच शब्दात कोंबणं बरं नव्हे.

आता आजचं. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली आणि मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकारही दिला. धारणी, चिखलदरा त्यात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं वनोपजावरचा हक्क आणखी पक्का केला. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, बाळगणं, वाहून नेणं यांवरचे निर्बंध उठवले. २०२२ मध्ये मोह आणि काजू यांच्या मद्याला ‘विदेशी मद्या’च्या वर्गात घालायचं ठरलं. सातपुड्याच्या फुलाचं मद्य विदेशी! नाव हसण्यासारखं आहे, पण हेतू त्याला प्रतिष्ठा आणि भाव मिळावा हा होता. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा मान वाढला, हे उदाहरण समोर होतंच.

पण डोंगर ओलांडून पलीकडे पाहा. मध्य प्रदेशात बैतूल, बऱ्हाणपूरकडेही कोरकूच राहतात. तिथल्या कायद्यात आदिवासींना घरच्या वापरापुरती, मर्यादेत, मोहाची दारू करायची मोकळीक आहे. अलीकडे तोच समाज, तेच झाड, तेच भुमक्याचं मडकं, पण परवान्याशिवाय गाळलं की गुन्हा. एकाच घराण्यातल्या दोन बहिणी सीमेच्या दोन बाजूंना दिल्या असतील, तर एकीच्या चुलीवर रिवाज आणि दुसरीच्या चुलीवर गुन्हा.

आम्ही इथं दारूची वकिली करायला उभे नाही. गाडगेबाबांच्या गावाच्या माणसांना ती शोभणार नाही. दारूबंदी हवी की नको, हा ग्रामसभेतल्या बायकांनी ठरवायचा प्रश्न आहे, आणि पेसानं तो अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला आहे. आमचं म्हणणं एवढंच की दीडशे वर्षांत प्रत्येक कायद्यानं दारूचं काय करायचं ते ठरवलं, आणि फुलाचं काय, वेचणारीचं काय, हे विचारलंच नाही. मक्तेदारीनं विचारलं नाही, बंदीनं विचारलं नाही, आणि आता मोहाच्या बाटलीला सुंदर लेबल लावताना बाजारही विचारेल अशी खात्री नाही. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरच्या गावकऱ्यांनी सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या जंगलातली सीताफळं स्वतःच्या हिमतीवर शहरात विकून दाखवली. सीताफळाला जमलं ते मोहाला का जमू नये? वाळलेलं फूल, मोहाचे लाडू, टोळीचं तेल, आणि ग्रामसभेला योग्य वाटलं तर मद्यसुद्धा. पण भाव ठरवताना पहाटे टोपली घेऊन जाणारी बाई टेबलाच्या अलीकडे बसलेली असावी.

पुढच्या होळीला चिखलदऱ्याला गेलात, तर धबधबे बघायचा मोसम नसेल, पण पहाटे लवकर उठा. मोहाखाली वेचणाऱ्या बायका दिसतील. त्यांना किलोला काय भाव मिळतो, एवढं नक्की विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.